चिपलाच विचारणारी चौकशीबाई

तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला सगळी इमारत पाठीमागे ‘चौकशीबाई’ म्हणते. लिफ्ट बंद पडली की बाकीचे चडफडत जिना चढतात. ही मेकॅनिकच्या डोक्याशी उभी राहून त्याला प्रश्नांनी घाम फोडते.

ऑफिसात तिची गाठ चिप्सशी. कॉम्प्युटरच्या पोटातल्या विजेवर या चिप्स पहारा देतात: व्होल्टेज किती, करंट किती, तापलंय किती. नवी चिप आली की नवा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे चिप आणि कर्नल, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, यांच्यामधला दुभाष्या. गंमत अशी, की सगळ्या चिप्सची भाषा एकच, तरी दुभाषे डझनभर. बाईंना हे पटेना. तिने साहेबांना सांगितलं, एकच ड्रायव्हर लिहिते. तुला काय काय येतं, हे तो चिपलाच विचारेल. साहेबांनी बजावलं, शुक्रवारी वेगवेगळ्या चिप्स बसवलेल्या चार बोर्डांवर चालवून दाखवा, नाहीतर हे खूळ कायमचं बंद.

बुधवारी फजिती झाली. ड्रायव्हरने पंख्याचा वेग विचारला. ज्या चिपकडे पंखाच नव्हता, तिने तक्रारीची खूण वर केली आणि ड्रायव्हरने ती इमानेइतबारे पुढे कळवली. बोर्ड थंडगार, पडद्यावर मात्र बिघाडच बिघाड. शेजारच्या टेबलावरून टोमणा आला, की बाईंनी चौकशी करकरून धडधाकट चिपला आजारी पाडलं.

संध्याकाळी ती घुम्यासारखी बसलेली बघून सासूबाईंनी खोदून विचारलं. सासूबाई तीस वर्षं मास्तरीण होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “अगं, न येणारं विचारलं की पोर कुरकुरणारच. त्यावरून काय येत नाही ते समजून घ्यायचं. ती कुरकूर प्रगतिपुस्तकात कशाला लिहायची?”

सकाळी तिने तेवढंच बदललं. विचारायचं, चिप कुरकुरली तर ती सोय तिच्याकडे नाही असं धरायचं, खूण पुसायची आणि पुढे सरकायचं.

शुक्रवारी चारही बोर्ड बिनतक्रार बोलले. साहेबांनी मग कपाटातून पाचवा काढला, तिने कधी न पाहिलेला. तोही बोलला.

साहेबांनी पडद्यावरचे आकडे एकदा तपासले. मग जुन्या ड्रायव्हरांची यादी उघडून म्हणाले, “यातला आधी कोणता काढू?”

“वरून तिसरा,” ती म्हणाली. “माझाच आहे. सहा महिने खपले होते त्याच्यावर.”

आणि तो पुसला जाताना बाई अशा ताठ उभ्या, जणू सत्कारच चाललाय. सासूबाई मात्र जिन्यात भेटेल त्याला सांगतात, अर्धा ड्रायव्हर आमचा.