मैदानाची सुनावणी आणि पाण्याचा दिवस

आमच्या संघाचा जुना गोलरक्षक अजूनही चहाच्या टपरीवर सांगत असतो की, हॉकीच्या नव्या मैदानाच्या सुनावणीत मी शाल पाहून गप्प बसलो. ज्याने उभ्या आयुष्यात डावीकडून आलेला चेंडू अडवला नाही, तो आता माझा इतिहास सांगतो. म्हणून घडले ते लिहून ठेवतो.

एका धनिकाने व्यावसायिक हॉकी संघ विकत घेतला होता. त्या संघासाठी सरकारी जागेवर, सरकारी पैशातून भव्य मैदान बांधायचे आणि तिकिटांचे उत्पन्न स्वीकारण्याचे कष्ट तेवढे मालकाने घ्यायचे, अशी योजना होती. मला हॉकीचा द्वेष्टा म्हणणाऱ्यांनी आधी माझे गुडघे पाहावेत. वीस वर्षे ते मुरमावर फोडून घेतले आहेत. माझी हरकत एकच होती. या खेळाची कृत्रिम हिरवळ सामन्यापूर्वी पाण्याने भिजवावी लागते, आणि सोलापुरात आमच्या नळाला पाणी येते पाचव्या दिवशी.

सुनावणीला आमच्या भागातून मी एकटाच गेलो, कारण ती नेमकी आमच्या पाण्याच्या दिवशी ठेवली होती. बाकीच्या हरकती आपापल्या पिंपांशेजारी उभ्या होत्या. ज्येष्ठ खेळाडू म्हणून मला शाल दिली. ती मी घेतली. दिलेली शाल नाकारण्याइतका मी असंस्कृत नाही. पण ती खांद्यावर असतानाच विचारले, "या मैदानाचा पाण्याचा दिवस कोणता?" सभागृह हसले. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, यावर शेवटी बोलू.

शेवट येण्याआधी पत्नीचा फोन आला, "अहो, पाणी आलंय." मी उठलो. याला पळ काढणे म्हणणाऱ्याने पाच दिवस एका टाकीवर काढून दाखवावेत. माझ्या पाठीमागे, कोणाचीही हरकत नाही, अशी नोंद झाली. घरी पोहोचलो तर पिंपे काठोकाठ भरलेली. "मी 'या' म्हणाले होते का?" पत्नी म्हणाली. "नुसतं कळवलं."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन हरकत नोंदवा म्हणालो. कारकुनाने आधी उशिराचे कारण लेखी मागितले. मी लिहिले, 'नळाला पाणी आल्यामुळे सुनावणीस पूर्ण वेळ थांबता आले नाही.' त्याखाली दोन पाने मैदानाविषयी. कागद विलक्षण तत्परतेने हलला, हे मान्य केले पाहिजे. पहिली ओळ वाचून कोणीतरी तो पाणीपुरवठ्याकडे धाडला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी फिटर दारात हजर. त्याने नळ सोडला, धारेखाली हात धरला.

"मामा, धार तर लई चांगली हाय की. तक्रार कशाची?"

मी त्याला दोन्ही पानांचा आशय ऐकवला. हॉकी, हिरवळ, सरकारी पैसा, सगळे. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा या प्रकरणातला तो पहिला माणूस.

"तुमचं बराबर हाय," तो म्हणाला, "पर माज्याकडं नळाचाच रकाना हाय. धार चांगली का वाईट, तेवढं लिवा आन् सही करा."

मी नळाकडे पाहिले. धार खरोखरच उत्तम होती, आणि खोटे लिहिणे माझ्या रक्तात नाही. 'चांगली' असे लिहून सही केली. त्याने कागदाची घडी केली, आणि माझी हरकत निकाली निघाली.