विमान हलल्यावरचं हसू

आमची मयुरी लहानपणापासून उंच. नागपुरात, नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत कुणाला माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायची असली, की स्टूल शोधण्याआधी तिला हाक जायची. ती यायची, आणि बरणीला हात लावण्याआधी विचारायची, "काय देशील?" चिंचेची गोळी, खारे दाणे, काहीतरी ठरल्याशिवाय बरणी खाली येत नसे. एकदा शेजारच्या अंजनाबाईंनी बरणी हातात पडल्यावर शब्द फिरवला. मयुरीने बरणी शांतपणे त्यांच्या हातातून घेतली आणि परत माळ्यावर ठेवली. या वेळी पार मागे, भिंतीला टेकवून.

ती माझ्या धाकट्या भावाची, रामाजीची मुलगी. म्हणजे मी तिचा मोठेबाबा आणि माझी पत्नी रुखमाबाई तिची मोठीआई. दोन्ही घरं एकाच अंगणात. मी जन्मभर विणकरांच्या सोसायटीच्या गोदामात काम केलं, पत्राखेरीज फारसं काही लिहिलेलं नाही. मयुरीबद्दल कुणीतरी लिहायला हवं असं वाटत होतं. बरेच दिवस वाट पाहिली, दुसरं कुणी लिहीना. म्हणून हे.

बारावीनंतर तिने सदर भागातला विमानातल्या नोकरीचा क्लास लावला. तिथे चालायला, बसायला, ट्रे धरायला शिकवत. हसायलाही शिकवत, आणि त्याचा वेगळा तास होता. रामाजीने फी भरली तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "हसाचे पैसे? आमच्या घरी तर हसलं की मार पडे." मयुरी महिनाभर आरशासमोर उभी राहून हसत असे. पलीकडच्या गच्चीवरच्या एका मुलाचा त्यामुळे गैरसमजही झाला होता, पण तो विषय इथे नको.

नोकरी लागली. काही वर्षांनी ती विमानात काम करणाऱ्यांच्या संघटनेची नागपूरची प्रतिनिधी झाली. दर रविवारी ती मोबाईलवरून देशभरच्या सहकाऱ्यांना 'अपडेट' पाठवायची, आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवायची.

"तुम्हालेच काहून दाखवतो माहीत आहे का मोठेबाबा? तुमच्या पोटात गोष्ट पडली म्हणजे विहिरीत पडली."

ते अपडेट मला आवडत. 'रात्रीच्या ड्युटीनंतर घराच्या दारापर्यंत गाडी हा आपला हक्क आहे. ड्रायव्हरने चौकात उतरा म्हटलं तर उतरू नका. बसून राहा. त्यालाही घरी जायचं असतं.' किंवा, 'लिपस्टिकचा रंग कंपनी ठरवते, तर लिपस्टिक कंपनीने द्यावी. तोवर पावत्या जपून ठेवा.' किंवा, 'बाळंतपणाची रजा मागताना साहेबांनी "परत?" असं विचारलं, तर उत्तर देण्याची गरज नाही. फक्त त्यांच्याकडे बघत राहा.'

मोठं भांडण मात्र एकाच गोष्टीचं होतं. या मुलींच्या पगाराचा बराचसा भाग उडण्याच्या तासांवर असतो. विमान जागेवरून हललं की तास मोजायला सुरुवात, आणि पोचून थांबलं की मोजणी बंद. त्याच्या आधी प्रवासी चढवायचे, त्यांच्या बॅगा वर कोंबायच्या, खिडकीवरून होणारी भांडणं सोडवायची, ते सगळं हिशेबात नाही. उशीर झालेल्या विमानात तास न् तास उभं राहिलं तरी तेच. संघटनेने पुष्कळ अर्ज केले. कंपनी 'विचार करू' म्हणाली.

तेव्हा मयुरीच्या डोक्यातून एक अपडेट निघाला. 'विमान उभं असताना सगळी कामं नेहमीसारखी करायची. सुरक्षेचा एकही नियम मोडायचा नाही. नमस्कार करायचा. फक्त हसायचं नाही. करारात हसण्याचा उल्लेख नाही. विमान हललं की मनापासून हसायचं. थांबलं की बंद.'

"हे बरं दिसेल का?" मी विचारलं.

"ज्याची फी भरून शिकली ते फुकट काहून वाटू?" ती म्हणाली. "आणि हे मोठीआईले सांगू नका. सकाळी सांगितलं तर दुपारी जगनाडे चौकात पोचते."

मी कशाला सांगतो?

गंमत म्हणजे, कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. लोक आपल्या बॅगेला जागा शोधण्यात गुंतलेले असत. मुली गंभीर चेहऱ्याने नमस्कार करत राहिल्या, प्रवासी त्यांच्याकडे न बघता आत जात राहिले. मयुरीला वाटायला लागलं की आपण इतकी वर्षं हसलो ते कुणासाठी?

मग आमच्या मुलाच्या, पंकजच्या मुलीचं बारसं निघालं. पंकज पुण्याला असतो. त्याने आमची विमानाची तिकिटं काढली, आणि नेमकं त्याच विमानात मयुरीची ड्युटी होती. रुखमाबाई पहिल्यांदाच विमानात बसणार. अंजनाबाईंच्या सल्ल्याने तिने घरूनच कानात कापसाचे बोळे घालून घेतले होते. चांगले ठासून.

विमानाच्या दारात मयुरी उभी. निळा पोशाख, केसांचा अंबाडा, नमस्काराला जोडलेले हात, आणि चेहरा असा की शोकसभेला आलो आहोत असं वाटावं.

"काय वं मयुरे!" रुखमाबाई आनंदाने ओरडली. कापसामुळे तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, बाकी सगळ्या विमानाला आला.

"नमस्कार. आपली जागा डावीकडे," मयुरी म्हणाली. तिच्या ओठांचा कोपरा थरथरला, पण तिने तो आवरला.

रुखमाबाई खुर्चीत बसली ती लाल होऊन. "पाहिलं का जी? ओळख दाखवत नाही पोट्टी! हिले म्या न्हाऊ घातलं!"

"अगं, विमान हललं नाही अजून," मी कुजबुजलो.

"आँ?"

"हललं की हसेल!"

"कोण बसेल?"

मी जरा मोठ्याने बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं. एवढ्यात विमान हललं. मयुरी पुढून आली, आमच्या रांगेशी थांबली आणि अशी हसली की सदरच्या क्लासची सगळी फी वसूल झाली. पण रुखमाबाईने भीतीने दोन्ही डोळे गच्च मिटले होते आणि माझं मनगट धरलं होतं. ते डोळे उघडले ते थेट पुण्याला, विमान पूर्ण थांबल्यावर. उतरताना दारात पुन्हा मयुरी. पुन्हा शोकसभा.

आता रुखमाबाईची एक रीत सांगायला हवी. आपल्या पोराची तक्रार आपणच आधी करायची. शाळा सुरू झाली की ती गुरुजींना गाठून सांगे, "लय वात्रट आहे, हिले ढील देऊ नका." आमच्याकडच्या सगळ्याच बायका असं करत. त्यात मायाच असे. गुरुजींनाही ते कळे, आणि ते त्या पोराकडे जरा जास्त लक्ष देत. पुण्याच्या विमानतळावर कंपनीचा एक कर्मचारी 'प्रवास कसा झाला?' असं विचारत उभा होता. मी बॅगेची वाट पाहत होतो. परत वळून बघतो तर रुखमाबाई कानातले बोळे काढून त्याच्याकडून तक्रार लिहून घेत होती.

"मयुरी धकाते. नाव बराबर लिही. हसत नाही, बोलत नाही, तोंड एवढं मोठं करून उभी. आमचीच पोट्टी आहे, म्हणून सांगून राहिली. जरा समजवा तिले."

कंपनीने समजावलं. सगळ्या देशात त्या न हसण्याची लेखी तक्रार ही एकच आली होती, आणि कंपनीला तेवढीच पुरेशी होती. आम्ही बारसं आटपून परत आलो तोवर मयुरीच्या हाती नोटीस पडली होती. चौकशी होईपर्यंत उडणं बंद. उडणं बंद म्हणजे पगार नावापुरता. आणि आरोप शाबीत झाला तर नोकरीच जाणार. संघटनेचं बोलणंही तिथेच बसणार होतं, कारण पुढाकार घेणारीच घरी बसली तर बाकीच्या कशाला पुढे येतील?

रुखमाबाईला हे कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मयुरीने ओट्याला टेकून सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. तव्यावरची भाकरी करपली.

"म्हणजे दार उघडं आहे तवर राबणं फुकट?" रुखमाबाईने विचारलं.

"हाव."

"म्हणजे कांडी भरणं!"

हातमागाच्या घरात साडीची मजुरी माग चालवणाऱ्याच्या हाती पडे. त्या साडीसाठी सूत उकलणं, ते गुंडाळून धोट्याच्या कांड्या भरणं हे बायका दिवसभर करत, त्याचा वेगळा पैसा कधी कुणी दिला नाही. रुखमाबाईने लग्नानंतर पुष्कळ वर्षं ते केलं होतं.

"मंग मले आधी काहून नाही सांगितलं वं?"

"तुले सांगून काय केलं असतं?"

"काय केलं असतं म्हणजे? गल्लीतल्या साऱ्या बायाईले सांगितलं असतं!"

"म्हणूनच," मयुरी म्हणाली, आणि दोघींनाही एकदम हसू फुटलं.

चौकशी सदरमधल्या कंपनीच्या ऑफिसात होती. तक्रारदार म्हणून रुखमाबाईला आणायला कंपनीची पांढरी मोटार आली. अख्खी गल्ली बघत होती. रुखमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागच्या सीटवर बसली, मी तिच्या बाजूला. मयुरी मात्र तिचा सहकारी प्रशिक याच्या स्कूटरवर गेली. नियमाप्रमाणे तिच्या बाजूने बोलायला तोच येणार होता.

आत एक साहेब होते, गोड बोलणारे. कोपऱ्यात जबाब टाइप करायला एक मुलगी बसली होती. साहेबांनी चहा मागवला, काजू पुढे सरकवले.

"माताजी, आने में तकलीफ तो नहीं हुई?"

रुखमाबाई भिंतीकडे बघत राहिली. चेहरा दगड.

"माताजी, चाय लीजिए."

दगड. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काजूकडे पाहिलं.

"इनकी तबियत ठीक है ना?"

तेव्हा रुखमाबाई बोलली. "सुरू झालं का?"

"जी?"

"लिहिणं. ती पोरगी टाइप करून राहिली का?"

"नहीं, अभी नहीं. पहले आराम से चाय..."

"मंग मी आतापासून काहून बोलू?" असं म्हणून तिने तोंड पुन्हा मिटून घेतलं.

प्रशिकने खोकल्याचं निमित्त करून खाली पाहिलं. साहेबांनी घाईघाईने टाइप करणाऱ्या मुलीला खूण केली. कीबोर्डवर पहिली टकटक झाली आणि रुखमाबाई सगळी कवळी दाखवत हसली.

"नमस्कार साहेब! कसे आहात? घरी समदे बरे ना?"

साहेब क्षणभर दचकले. मग त्यांनी तक्रार वाचली आणि विचारलं, ही मुलगी हसली नाही, हे बरोबर ना?

"हसली असंन. माझे डोळे मिटून होते. भेव वाटून राहिलं होतं."

"लेकिन दरवाजे पर?"

"दारात विमान उभं होतं ना. उभ्या विमानाचे तिले पैसे देता तुम्ही?"

"माताजी, वो आज का विषय नहीं है."

"तिचं हसणं विषय आहे अन् तिचा पगार नाही?"

"ये मत लिखो," साहेब टाइप करणाऱ्या मुलीला म्हणाले.

"सर, लिहून झालं," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, पण ती पाठ सरळ करून बसली होती.

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. "ठीक है. तो आप शिकायत वापस ले रही हैं?"

इथे मला वाटलं, संपलं. हो म्हणावं आणि घरी जावं. मी तिच्या कोपराला हळूच ढोसलंही.

"वापस काहून?" रुखमाबाई म्हणाली. "तक्रार आहेच. नाव चुकलं फक्त. पोरीचं काटा, कंपनीचं लिहा. माझ्या पोरानं तिकिटाचे पैसे पुरे भरले. चढताना हसू नाही, उतरताना हसू नाही. मधलं तेवढं दिलं, तवा मी डोळे मिटून. कंपनीनं दाराजवळचं हसू विकतच घेतलं नाही, मंग मले कुठून भेटंन? ते विकत घ्या, अन् मले द्या."

"ग्राहकाची तक्रार आहे, सर," प्रशिक अत्यंत नम्रपणे म्हणाला. "नोंदवावीच लागेल."

टकटक चालूच होती. साहेबांनी चहा स्वतःच पिऊन टाकला. परत येताना मोटार मिळाली नाही, आम्ही ऑटोने आलो.

त्यानंतरचे काही दिवस वाईट गेले. मयुरी हसून वावरत असे, पण फोन वाजला की आधी नंबर बघत असे. रुखमाबाई तर इतकी गप्प झाली की अंजनाबाई तब्येत विचारायला आल्या. मग एका दुपारी कंपनीचं पत्र आलं. पुरेसा पुरावा नसल्यामुळे नोटीस मागे, उडणं पूर्ववत. आणि त्याच आठवड्यात कंपनीने संघटनेला बोलावून सांगितलं की उभ्या विमानातल्या वेळेसाठी निम्मा दर देता येईल.

रविवारचा अपडेट लिहायला मयुरी अंगणात बसली. या वेळी ऐकायला रुखमाबाईही होती, पाय पसरून, पुढ्यात निवडायची मेथी.

"निम्मा घ्यावा की नाही, यावर सगळ्यांचं मत मागवायचं आहे," मयुरी म्हणाली. "अर्ध्या म्हणतात घ्या, अर्ध्या म्हणतात फेकून मारा. तुम्हाले काय वाटते, मोठेबाबा?"

मी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. नाकारला तर तोही जाईल, घेतला तर तेवढ्यावरच राहील.

"घेऊन घे," रुखमाबाई मेथीतून मान वर न करता म्हणाली. "घरात आलेलं परत कायले धाडतं? अन् उद्यापासून बाकीच्या निम्म्यासाठी भांड. पोट भरलं की भांडण चांगलं जमते."

मयुरीने ते जसंच्या तसं लिहिलं, आमच्याच बोलीत, खाली हिंदीत अर्थ देऊन. संध्याकाळपासून तिचा फोन वाजत राहिला. कोचीहून, गुवाहाटीहून मुली विचारत होत्या, हे कुणी सांगितलं? मतदानात तसाच निर्णय झाला, निम्मा आज आणि उरलेल्याची मागणी लगेच.

उडणं पुन्हा सुरू झाल्यावरची मयुरीची पहिली ड्युटी इंदूरच्या विमानाची होती. निळा पोशाख घालून ती दारात गाडीची वाट बघत होती, तेवढ्यात अंजनाबाई आल्या आणि म्हणाल्या, "अवं, जाता जाता माळ्यावरचा डबा..."

"तिची ड्युटी सुरू झाली आहे," रुखमाबाई म्हणाली. "स्टूल आणा."