अक्काला वाचून दाखवलेली पुस्तकं

गेल्या श्रावणात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी बेळगावात नोकरीला. ती रजा काढायला निघाली होती, पण त्याआधीच अणशीच्या सासरहून माझी मोठी बहीण, अक्का, येऊन दाखल झाली. त्यांची रोपलावणी आटोपली होती. "तिथं चिखल बघत बसण्यापरीस तुला बघत बसते," म्हणाली. रामनगरच्या माझ्या घरात ती इतके दिवस सलग कधी राहिली नव्हती.

मुलीनं पुस्तकांची एक पिशवी पाठवली. निवड कसली, दुकानात हाताला लागली ती. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं, तरी अशी सरमिसळ एका दमात कधी वाचली नव्हती. आणि वाचली तीही मोठ्यानं, कारण अक्काला वाचता येत नाही. ती समोर फणसाच्या आठळ्या सोलत बसायची. मी मनात वाचायला लागलो की म्हणायची, "एकटाच काय खातोस? मला बी दे की."

पहिली होती रहस्यकथा. बंगल्यात एका वकिलाचा खून होतो आणि फौजदार एकेकाला गाठून प्रश्न विचारतो. तिसऱ्या प्रकरणात अक्कानं मला थांबवलं.

"त्या जेवण करणाऱ्या बाईला कुणी काय इचारत का न्हाई? कोण जेवलं, कोण ताट सोडून उठलं, तिला सगळं म्हाईत असणार."

शेवटी खुनी निघाला पुतण्या. त्या बाईला कुणी काही विचारलंच नाही. मला शेवट बरा वाटला होता, पण अक्काचं ऐकल्यावर फौजदार अगदीच बावळट वाटायला लागला.

दुसरं पुस्तक जंगलावरचं. लिहिणारा शहरातला, फोटो काढत हिंडणारा. भाषा फार देखणी. पहाटेच्या धुक्याचं वर्णन मी दोनदा वाचलं. त्यानं लिहिलं होतं की या रानात माणसाचं पाऊल कधी पडलेलं नाही. अक्का हसली. "मग तो चालला त्या वाटा कुणी पाडल्या?"

मला एकदम लहानपण आठवलं. श्रावणात अक्का मला अळंबी काढायला न्यायची. वारूळ दिसलं की मला लांब उभं करायची, आधी काठीनं आजूबाजूचं गवत हलवायची, मगच वाकायची. वाटेला फाटा फुटला की एक डहाळी मोडून ठेवायची, परतताना चुकू नये म्हणून. देखण्या वर्णनांच्या त्या पुस्तकात अशी एकही मोडलेली डहाळी नव्हती. तरी ते मी फेकलं नाही. धुक्याचं त्यानं खरंच चांगलं लिहिलंय.

कवितांचं पुस्तक मला फारसं कळलं नाही, अक्कालाही नाही. त्यातली एक मात्र, वारलेल्या आईचा नंबर फोनमधून न पुसणाऱ्या मुलाची, तिनं परत वाचायला लावली. पुढची वाचू का विचारलं तर म्हणाली, "आज एवढं फुरे."

शेवटची कादंबरी होती धरणात गेलेल्या गावाची. ती मी मुद्दाम मागं ठेवली होती. आमचं गाव काळी नदीच्या काठी होतं. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही रामनगरला आलो. तेव्हा मी चौथीत होतो. अक्का अठरा वर्षांची, अणशीला लग्न ठरलेली.

कादंबरीत गाव सोडताना पानोपानी लोक टाहो फोडतात. वाचता वाचता मी थांबून चष्मा पुसला. अक्काचे हात मात्र चालूच होते.

"असं कोण रडलं न्हाई," ती म्हणाली. "कौलं उतरायची हुती, भाताच्या कणग्या, भांडी, ढोरं. रडाय सवड कुणाला?" मग म्हणाली, "मी शाळेत गेल्ते त्या दिशी."

"शाळेत? कशाला?"

"मास्तर कागदं बांधत हुते. म्हणलं, माझं नाव लिवलंय ते दावा."

अक्का दोन वर्षं शाळेत गेली होती. मग मी जन्मलो. आई शेतात जायची, म्हणून मला सांभाळायला अक्काला घरी बसवलं. एवढं मला ठाऊक होतं. ही गोष्ट मात्र तिनं कुणालाच सांगितली नव्हती. मास्तरांनी बांधलेला गठ्ठा सोडला, जुनं हजेरीपुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"वाचता आलं तुला?"

"न्हाई. इसरले हुते समदं. बगून आले."

मी पुस्तक मिटलं. दोन गावांतल्या किती पोरांचा हात धरून मी अक्षरं गिरवून घेतली. मला सांभाळताना जिची शाळा सुटली, तिला मात्र कधी विचारलं नाही. अणशीला जायचो, तिच्या हातचं जेवायचो आणि परत यायचो.

"अक्का, शिकवू तुला? अजून महिना आहे."

"आता सगळं नगं. नाव तेवढं दाव."

मुलीच्या जुन्या वहीत मी तिचं नाव मोठं लिहून दिलं. दुपारची भांडी झाली की ती गिरवत बसायची. मी काना राहिला म्हणून सांगायला गेलो की रागवायची, "गप. मला बगू दे." पाचव्या दिवशी तिनं न बघता लिहिलं. वाकडं होतं, पण सगळं होतं. मी शिक्षकाच्या सवयीनं शाबास म्हणालो आणि मग मलाच कसंतरी झालं. वहीचं ते पान तिनं फाडून घेतलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

कादंबरी आम्ही नंतर पुरी केली. शेवटी उन्हाळ्यात पाणी उतरतं, देवळाचा कळस वर येतो आणि लोक हात जोडतात. मला ते जुळवून आणल्यासारखं वाटलं. अक्काला आवडलं. "असू दे की," म्हणाली, "त्येंचं तरी दिसलं."

प्लास्टर निघालं आणि ती अणशीला गेली. आता मी चालतो-फिरतो, पुस्तकंही आणतो, पण मनातल्या मनात वाचलेलं पचत नाही. तिच्या घरात फोन लागत नाही. रविवारी सकाळी ती मागच्या टेकाडावर चढून मला फोन करते आणि मी दहा-बारा पानं वाचतो. सध्या एका नर्सबाईचं आत्मचरित्र चाललंय. मधे आवाज तुटतो. परवा मी विचारलं, "ऐकू येतंय का गं?"

"व्हय व्हय," ती म्हणाली. "पण हळू वाच. तुला कुठं जायाचं हाय?"