बाटलीतला समुद्र

आर्णीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो. समुद्रातला मासा अंगातलं पाणी आणि मीठ कसं सांभाळतो, हा माझा हातखंडा धडा. समुद्र मात्र मी पाहिलेला नाही. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

यंदा रसायनशास्त्राला कोकणातल्या एक मॅडम आल्या. मधल्या सुट्टीत सगळी मुलं त्यांच्याभोवती. भरती कशी येते, जाळं कसं टाकतात, हेच चाललेलं. माझ्या पोटात दुखायचं, खरं सांगतो. नव्याचे नऊ दिवस म्हणून गप्प राहिलो, पण दहावा दिवस काही उजाडेना.

दिवाळीनंतर त्या गावाहून बाटलीभर समुद्राचं पाणी घेऊन आल्या, तेही माझ्याच तासाला. "सर, तुमचा माशांचा धडा चाललाय ना? मुलांना चव तरी कळेल." बाटली आधी माझ्यापुढे धरली. जीव आसुसला होता माझा. पण मुलांदेखत, मॅडमच्या हातून, पहिल्यांदा? मी म्हटलं, "मला बीपी आहे. मीठ बंद आहे." बीपी कसलं, नुसता जळफळाट!

मुलांनी तीर्थ घ्यावं तसे तळहात पुढे केले आणि चाखून तोंडं वाकडी केली. एक मुलगी म्हणाली, "सर, मासा हेच पानी पेऊन राह्यला, तं त्याले बीपी काहून नाई होत?"

वर्ग हसला आणि मी सुटलोच. समुद्र माशाच्या अंगापेक्षा खारट, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. भर समुद्रात तो तहानलेला. मग तो समुद्रच पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, लघवी अगदी थोडी करतो. आपल्या अरुणावती नदीच्या गोड्या पाण्यातल्या रोहूचं उलटं. पाणी आपसूक आत शिरतं आणि ते बाहेर काढण्यातच त्याचा दिवस जातो. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "सर, अख्खं लहानपण किनाऱ्यावर गेलं, पण हे मला आज कळलं." जिंकलो होतो मी. तरी जळतच होतो. 'हे मला आज कळलं' असं इतक्या सहज कसं म्हणता येतं माणसाला?

"थोडं उरलंय. खरंच नको ना, सर?"

"नको म्हटलं ना."

त्यांनी बाटली खिडकीबाहेर उपडी केली. काळ्या मातीत पाणी लगेच जिरलं. अख्ख्या वर्गात समुद्र न चाखलेला मी एकटाच उरलो.