चष्मेवाल्याचा पांढुरका ठिपका

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात सगळ्यात किरकोळ उपकरण चष्मेवाल्याचं. गळ्यात अडकवायची दोन डोळ्यांची दुर्बीण, लोक पक्षी बघायला नेतात तसली. अध्यक्ष डॉक्टर, त्यांच्या गच्चीवर भलीमोठी आरशाची दुर्बीण. मी चिटणीस. माझ्याकडे मधल्या आकाराची, पाहुण्यांना शनीची कडी दाखवून खूश करणारी. वीस वर्षं तिला डोळा लावून बसलोय आणि शोध म्हणाल तर शून्य. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

चष्मेवाल्याचं दुकान एवढंसं, की आत दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. दिवसभर लोकांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, आणि दिवस मावळला की छतावर चढून न्हाव्याकडून आणलेल्या मोडक्या खुर्चीत रेलायचं. खुर्ची गोल फिरायची, कोपरांना आधार मिळायचा, दुर्बीण हलायची नाही. नव्या सभासदांना तो सांगायचा, "उल्का बघायच्या तर नुसत्या डोळ्यांनी. बारीकसारीक बघायचं तर डॉक्टरांकडे जा. पण धूमकेतू शोधायचा ना, तर आमची ही बरी. एका नजरेत केवढं तरी आकाश मावतं हिच्यात." बोलायचा अगदी बरोबर. म्हणूनच माझ्या डोक्यात जायचा.

एकदा त्यानं जाहीर केलं, धूमकेतू सापडला! निघाला साधा तारकागुच्छ, शाळेच्या नकाशातसुद्धा छापलेला. मग काय विचारता! "काय धूमकेतू, आज शेपूट घरी ठेवून आलात?" हे मीच सुरू केलं. बघता बघता गल्लीभर झालं. वाणी त्याच्या बायकोला तोंडावर 'धूमकेतूबाई' म्हणायला लागला. ती बाजारात खाली मान घालून जायची. तेव्हापासून चष्मेवाल्यानं स्वतःलाच नियम घालून घेतला: दुसऱ्या कुणी बघून हो म्हटल्याशिवाय वेधशाळेला कळवायचं नाही.

तीन वर्षांनी एका संध्याकाळी तो माझ्या दारात उभा. हातात दोन कागद, दोन संध्याकाळची चित्रं. पश्चिमेला एक पांढुरका ठिपका. परवा एका ताऱ्याजवळ, काल तिथून सरकलेला.

"भाऊ, नकाशे चार वेळा तपासले. त्या जागी काही म्हणजे काही नाही. तुम्ही लोक एकदा बघा, मग कळवू." त्यानं कागद माझ्यापुढे धरले. "शोधणाऱ्याचं नाव लागतं हो. बायको निदान मान वर करून बाजारात जाईल."

आम्ही डॉक्टरांच्या गच्चीवर गेलो. डॉक्टरांनी दुर्बीण वळवली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. नुसतं आकाश."

"डॉक्टर, तो पसरट आहे," चष्मेवाला कळवळून म्हणाला. "तुमच्या दुर्बिणीत नखाएवढा तुकडा दिसतो. त्याच्या पोटात शिरून त्यालाच शोधताय तुम्ही! भोवतीचा काळोख दिसल्याशिवाय तो वेगळा कसा कळणार?"

"आता काचा घासणारा मला दुर्बीण शिकवणार?" डॉक्टर म्हणाले. मी मोठ्यांदा हसलो.

मग त्यानं आपली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली. मी पाहिलं. होता! दोन ताऱ्यांच्या मधोमध, काचेवर फुंकर मारावी तसा धुरकट. नजर जराशी तिरकी केली की आणखी ठसठशीत. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! वीस वर्षं डोळे फोडले मी, आणि नाव लागणार ह्याचं?

"नाही बुवा," मी म्हणालो. "मला तर काही दिसत नाही."

"नक्की?"

"अहो, दिसलं असतं तर नाही कशाला म्हणेन?"

त्यानं स्वतः पुन्हा पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "मग माझेच डोळे दगा देतायत," असं पुटपुटला आणि कागद घडी करून खिशात घातले. कळवलं नाही.

सहाव्या दिवशी बातमी आली. कुठल्याशा दूरच्या माणसाला तसल्याच दुर्बिणीतून तोच धूमकेतू सापडला होता. नाव त्याचं लागलं. डॉक्टर म्हणाले, "चालायचंच."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यानं मला दुकानात बोलावलं. वाटलं, आता भांडणार. तर हा म्हणतो, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका. वयानं नजर मंदावते. बसा, तपासून देतो. चष्मा माझ्याकडून."

आली का पंचाईत! समोरच्या तक्त्याची शेवटची ओळ मला लख्ख दिसत होती. पण ती वाचली तर मेलोच. चौथ्या ओळीला मी अडखळलो, तिसरीतलंही एक अक्षर मुद्दाम चुकवलं. जरा जास्तच नाटक झालं असावं. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं, मग नंबर काढायची ती जड फ्रेम माझ्या नाकावर चढवून तिच्यात दोन काचा सरकवल्या.

"आता?"

"वा! आता झकास!" आणि मी तक्ता शेवटपर्यंत घडाघडा वाचून दाखवला.

त्यानं काचा काढल्या, पुसल्या आणि माझ्या हातात ठेवल्या. "ह्यांना नंबरच नाही. साध्या काचा आहेत."

गल्ल्यामागे त्याची बायको चष्म्यांच्या डब्या लावत होती. तिचे हात थांबले.

"दिसला होता?" त्यानं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. लाज वाटली म्हणालो तर खोटं ठरेल. राग आला, एका चष्मेवाल्यानं मला पकडलं ह्याचा.

"नजर उत्तम आहे तुमची," तो म्हणाला. "चष्मा लागणार नाही." आणि दाराबाहेर थांबलेल्या गिऱ्हाइकाला त्यानं आत बोलावलं.