नामदेव रजेवर असताना

आमच्या वाचनालयात पेपर वाचायला बसलं, की कानांनाही काम मिळतं. तिथल्या जोशीबाई आणि शिंदेबाई समोरासमोर बसतात, पण खिडकीवरून दोघींचा अबोला. सगळा व्यवहार शिपाई नामदेवच्या तोंडून.

"नामदेव, त्यांना म्हणावं, खिडकी लावा."

"नामदेव, म्हणावं, लावणार नाही."

काल नामदेव रजेवर होता. जोशीबाईंनी चक्क कपाटाला सांगितलं, "कागद उडतायत म्हणावं!"

शिंदेबाई कॅलेंडरला म्हणाल्या, "इथे बसून बघा म्हणावं! पंख्याचा वारा लागत नाही, जीव उकडून निघतो."

जोशीबाईंनी मान वळवली. "अगंबाई, तुम्हाला वारा लागत नाही? मग बोलायचं नाही का!"

"नामदेवला कितीदा सांगितलं!"

दोघी खळखळून हसल्या. मीही पेपरमागे हसून घेतलं. दुसऱ्याच्या तोंडून निरोप पोचतो खरा, पण त्यातला घाम वाटेतच वाळून जातो. मग तिघांनी मिळून शिंदेबाईंचं टेबल पंख्याखाली ओढलं. खिडकी कोणी लावली, ते कळलंही नाही.

आज नामदेव आला. दोघींना एकाच डब्यातले पोहे खाताना बघून दारातच थबकला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, माझं काही चुकलं का?"