कान आणि कागद

धाकटीने मोठ्या वाद्यवृंदातली पक्की नोकरी सोडली, तेव्हा ताईने कपाळाला हात लावला.

“लोक पुढे जातात. तू तीनशे वर्षं मागे कुठे निघालीस?”

“तिकडे मजा आहे, ताई!”

त्याआधी एका संध्याकाळी तिने युरोपातले तीनशे वर्षांपूर्वीचे बरोक संगीत त्या काळच्या पद्धतीने वाजवलेले ऐकले आणि ती पुरती पागल झाली. व्हायोलिनवरचा हनुवटीचा आधार काढला, पोलादी तारांच्या जागी जुन्या काळासारख्या जनावराच्या आतड्याच्या तारा चढवल्या, हलका गज घेतला आणि सगळे पहिल्यापासून शिकली. आता त्या पद्धतीने वाजवणाऱ्या एका नावाजलेल्या वादकसंचात एक जागा निघाली होती. वाद्यवृंदातली जुनी खुर्ची केव्हाच भरली होती. ही हुकली, तर शिकवण्या घेत बसायचे.

अडचण तिच्या कानाची होती. चमचा पडला तरी ती सूर सांगे. या संचात मात्र वाद्ये अर्धा सूर खाली लावतात. कागदावर एक सूर दिसतो, कानावर दुसराच पडतो. घरी तिने हे भांडण मिटवले होते.

निवडीच्या दिवशी ताई मागच्या बाकावर बसली. संचाच्या प्रमुख बाई स्वतः साथीला हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या त्या जुन्या पूर्वजावर होत्या. धाकटीने गज टेकवला आणि घाबरलेली बोटे कागदावरचा सूर शोधत आपसूक वर सरकली! दोन वाद्ये अशी काही भांडली की ताईने डोळेच मिटले.

बाई थांबल्या. “कान पक्का दिसतोय.”

“तोच नडतोय, बाई. कागद बाजूला ठेवू? मला पाठ आहे.”

“ठेव.”

तिने स्टँड भिंतीकडे फिरवला. डोळ्यांपुढे काही नाही म्हटल्यावर कानाला भांडायला कोणी उरले नाही. बाईंच्या डाव्या हाताचे खर्जातले सूर ऐकत ती निघाली. संथ भागात रचनाकार मोजकेच सूर लिहितो, बाकीचे वादकाने भरायचे. तिने भरले! बाईंनी खट्याळपणे एक तान टाकली. हिने ती उलटी फिरवून परत केली. बाई हसल्या, वेग वाढला, आणि ताई कधी उभी राहिली तिचे तिलाच कळले नाही.

शेवटचा सूर विरला.

“उद्या सकाळी तालीम,” बाई म्हणाल्या. “आणि तिथे कागद बघून वाजवायचं. सवय कर.”

“म्हणजे... घेतलं मला?”

“मग काय पंखे पुसायला बोलावतेय?”